सरावाचे गेम पीस घरी बनवताना: नाशिकच्या नव्या रोबोटिक्स टीमसाठी

रोबोटिक्स स्पर्धेत रोबोटला ठरलेले तुकडे, म्हणजे गेम पीस, हाताळून खेळायचं असतं. पहिल्या वर्षी आमच्या टीमने त्यांच्या जागी सरावाला लाकडी ठोकळे वापरले. ओळखीच्या मिस्त्रींनी ते मायेने कापून दिले होते, मुलांनी रंगवले होते. जवळजवळ तीन महिने रोबोटच्या पंजातून एकही ठोकळा पडला नाही. स्पर्धेच्या मैदानावर खरा प्लॅस्टिकचा तुकडा पहिल्यांदा पंजात आला आणि निसटला. पुन्हा उचलला, पुन्हा निसटला. तिसऱ्या सामन्यापर्यंत पंजाची सर्वो मोटर (सांगितलेल्या जागेपर्यंत फिरून तिथेच थांबणारी मोटर) हात लावता येणार नाही इतकी तापली होती.

रात्री व्हर्नियर (मिलिमीटरचे भागही मोजणारं उपकरण) लावला तेव्हा कळलं. आमचा ठोकळा ३६ मिलिमीटर रुंद होता आणि खरा ३८. पंजा किती मिटायचा हे आम्ही ३६ वर ठरवलं होतं. मध्ये ३८ चा तुकडा आला की उरलेले दोन मिलिमीटर मिटण्यासाठी सर्वो जोर लावत राहायची. हलता येत नाही आणि जोरही सुटत नाही, अशा वेळी मोटर तापते. निसटण्याचं कारण वेगळं होतं. ब्रशने दिलेल्या रंगाचा पृष्ठभाग खरखरीत होता, पंजाचं रबर त्याला धरून राहायचं. खरं प्लॅस्टिक गुळगुळीत.

मी अंबडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. मोजल्याशिवाय एकही जॉब पुढे सोडत नाही, आणि मुलांचे ठोकळे मी मोजले नव्हते. ज्या मुलांनी तीन महिने रविवार दिले, त्यांचे चेहरे मला अजून आठवतात. नव्या टीमवर ती वेळ येऊ नये म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी ठरवा: काय बनवायचं, काय नाही

फर्स्ट टेक चॅलेंज, म्हणजे एफटीसी या शाळकरी मुलांच्या रोबोटिक्स स्पर्धेचा नवा खेळ दरवर्षी सप्टेंबरमध्ये जाहीर होतो आणि त्याबरोबर खेळाचे तुकडेही बदलतात. मूळ तुकडे अमेरिकेहून मागवावे लागतात. पाठवणीचा खर्च, कस्टम ड्यूटी आणि वाट बघण्यात जाणारे आठवडे धरले तर नव्या टीमला पूर्ण संच परवडत नाही. पण एक-दोन मूळ तुकडे मात्र हवेतच. मागवा, नाहीतर दुसऱ्या टीमकडून आठवडाभर उसने आणा. रोबोटिक्सच्या टीम एकमेकांना नाही म्हणत नाहीत, हा माझा अनुभव आहे. मापायला मूळ तुकडाच नसेल तर पुढचं सगळं अंदाजावर चालतं.

आता त्या खेळात रोबोट तुकड्याचं काय करतो ते बघा. पकडणं, उचलणं, रचणं, अडकवणं असेल तर तुकडा घरी बनवता येतो. फेकणं असेल तर बनवू नका. २०२५-२६ च्या ‘डीकोड’ खेळात ५ इंच व्यासाचे, भोकं असलेले पोकळ प्लॅस्टिकचे चेंडू होते, २४ जांभळे आणि १२ हिरवे. फिरत्या चाकाने चेंडू फेकताना तो किती दबतो, चाकावर किती घसरतो आणि वजन किती, या तिन्हींवर तो कुठे पडेल हे ठरतं. खेळण्यांच्या दुकानातल्या चेंडूवर बसवलेला नेम खऱ्या चेंडूला उपयोगी पडत नाही. अशा खेळात खर्च करून सहा-आठ खरे चेंडू आणा आणि नेम त्यांच्यावरच बसवा. जमिनीवरून चेंडू आत ओढायच्या सरावाला त्याच मापाचा दुसरा चेंडू चालेल.

खेळाची नियमपुस्तिका, म्हणजे मॅन्युअल, मोफत मिळतं. त्यातलं तुकड्याचं पान छापून भिंतीवर लावा. मापं इंचात असतात, ती लगेच मिलिमीटरमध्ये लिहून काढा (१ इंच म्हणजे २५.४ मिमी) आणि मूळ तुकड्यावर व्हर्नियर लावून पडताळा. वजनासाठी स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा पुरतो.

लाकडी ठोकळा, नीट

उदाहरणाला २०२४-२५ च्या ‘इंटू द डीप’ या एफटीसी खेळातला ‘सॅम्पल’ नावाचा तुकडा घेऊ. दीड बाय दीड बाय साडेतीन इंच, म्हणजे ३८ × ३८ × ८९ मिमीचा पोकळ प्लॅस्टिकचा तुकडा, लाल, निळा आणि पिवळा. नव्या मुलांना पंजा शिकवायला हा जुना खेळ मला आजही सगळ्यात चांगला वाटतो. यावर हात बसला की पुढचे बहुतेक तुकडे जमतात.

वखारीत किंवा मिस्त्रींकडे जाऊन “दीड बाय दीडची पट्टी द्या” म्हणालात तर आमची झाली तीच चूक होईल. तिथे दीड इंच म्हणजे रंधा मारण्याआधीचं माप. चारही बाजूंनी रंधा फिरला की दोन-अडीच मिलिमीटर उडतात. मिस्त्री इंच आणि सुतात बोलतात, आठ सूत म्हणजे एक इंच. एक सूत सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास येतं, आणि आपल्याला अर्ध्या मिलिमीटरची काळजी आहे. म्हणून व्हर्नियर सोबत न्या आणि सांगा, “काका, रंधा मारून झाल्यावर तयार माप छत्तीस मिलिमीटर पाहिजे.”

छत्तीस, अडतीस नाही. कारण वर सनमायका चढवायची आहे.

ही युक्ती आम्हाला त्या स्पर्धेनंतर सुचली. फर्निचरवाल्यांकडे सनमायकाचे तुकडे उरलेले असतात आणि नेहमीची सनमायका एक मिलिमीटर जाड असते. छत्तीसच्या ठोकळ्यावर दोन्ही बाजूंना एकेक मिलिमीटर चढला की अडतीस होतात. पृष्ठभाग प्लॅस्टिकसारखा गुळगुळीत होतो, लाल, निळा, पिवळा असे हवे ते रंग मिळतात आणि रंगकामाचा दिवस वाचतो. काही सनमायका ०.८ मिमीच्याही येतात, त्यामुळे घेताना मोजा आणि लाकडाचं माप त्याप्रमाणे सांगा.

लाकूड पाइनचं घ्या. सातपूर-अंबडला यंत्रं ज्या खोक्यांतून येतात ती बहुतेक पाइनची असतात आणि त्यांच्या पट्ट्या स्वस्तात मिळतात. खिळे आधी काढा, सगळे. सागवान जड पडतं. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) त्याहून जड, आणि नाशिकच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत त्याच्या कापलेल्या कडा फुगतात.

कापताना करवतीच्या पात्याची जाडीही हिशोबात धरा. ८९ मिमीचा तुकडा आणि पात्याचे ३ मिमी मिळून ९२ होतात. सहा फुटी पट्टी १८२९ मिमीची असते. त्यातून वीस नव्हे, एकोणीस तुकडे निघतात. विसावा आठ मिलिमीटरने आखूड पडतो. तो टाकू नका, गोंद आणि ड्रिल तपासायला ठेवा.

कापण्याचं आणि ड्रिलचं काम मोठ्यांनी करायचं. मुलांनी मापायचं, घासायचं, चिकटवायचं. घासताना तोंडावर मास्क हवाच.

वजनाचं गणित सोपं आहे. ३६ × ३६ × ८९ मिमी म्हणजे सुमारे ११५ घन सेंटिमीटर. पाइनचं ते साधारण ५५ ग्रॅम भरतं. चार बाजूंची सनमायका १८ ग्रॅमच्या आसपास. मूळ तुकडा पोकळ असल्याने आपला जड होईल. तो हलका करायला लांबीच्या दिशेने मधोमध आरपार भोक पाडा. २५ मिमीच्या भोकाने २० ग्रॅमच्या आसपास उतरतात. मूळ तुकड्याचं वजन काट्यावर बघून भोक लहान-मोठं करा. लांब भोक एका बाजूने पाडलं तर तिरकं जातं, म्हणून दोन्ही टोकांकडून अर्धं-अर्धं पाडा, आणि ठोकळा वाइसमध्ये आवळल्याशिवाय ड्रिल सुरू करू नका. भोक मधोमध नसेल तर उचलताना तुकडा एका बाजूला कलतो आणि मुलं बिचारी पंजाच्या प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतात.

चिकटवायला फेविकॉल एसआर घ्या. दोन्ही पृष्ठभागांवर पातळ थर लावून, हाताला चिकटेनासा झाला की मगच दाबा. आधी समोरासमोरच्या दोन बाजू लावा, कडा घासून लाकडाच्या बरोबरीत आणा, मग उरलेल्या दोन. शेवटी सगळ्या कडांवर १२० नंबरच्या पॉलिश पेपरचा हलका हात फिरवा. सनमायकाची कड बोटाला कापते आणि इनटेकच्या, म्हणजे तुकडा आत ओढणाऱ्या भागाच्या, रबरी रोलरलाही.

गेज बनवा, मग ठोकळे मोजा

सातपूर-अंबडमध्ये काम करणाऱ्या कुणालाही गो–नो गो गेज, म्हणजे माप बरोबर आहे की नाही एवढंच सांगणारी पट्टी, सांगावा लागत नाही. तुमच्या टीममधल्या एखाद्या मुलाचे बाबा किंवा आई रोज तोच हाताळत असतील, त्यांना एका रविवारी बोलवा. आपल्याला लागतो तो अगदी साधा. ५ मिमी अ‍ॅक्रिलिकच्या पट्टीत दोन खाचा, एक ३८.५ मिमीची आणि दुसरी ३७.५ ची. चांगला ठोकळा पहिल्या खाचेतून सरकून जातो आणि दुसरीत शिरत नाही. दुसरीतही शिरला तर बारीक आहे, पहिलीतून जात नसेल तर जाड.

नेमप्लेट बनवणाऱ्यांकडे लेझर कटिंग होतं, तिथे ही पट्टी कापून मिळते. लेझरची रेघही थोडा माल खाते, त्यामुळे खाच ठरवल्यापेक्षा किंचित मोठी येते. कापून आणल्यावर खाच व्हर्नियरने मोजा आणि जे माप आलं ते मार्करने पट्टीवर लिहा. एकदा गेज झाला की सहावीतलं पोरसुद्धा पाच मिनिटांत वीस ठोकळे तपासतं. आमच्याकडे हे काम सगळ्यात नव्या मुलांना देतो, आणि ती ते फार मन लावून करतात.

रुंदी जमली, वजन जमलं, आता घसरण. त्यासाठी दीड फुटाची फळी घ्या. पंजाला जे रबर लावलं आहे त्याच रबराचा तुकडा तिच्यावर पसरून चिकटवा. वर मूळ तुकडा ठेवा आणि फळीचं एक टोक हळूहळू उचला. तुकडा घसरायला लागला की टोकाची जमिनीपासूनची उंची पट्टीने मोजा. तीनदा करा, मधलं माप घ्या. मग आपला ठोकळा ठेवून तेच. दोन्ही उंचींत एक-दोन सेंटिमीटरचा फरक असेल तर चालवून घ्या. आपला ठोकळा बऱ्याच जास्त उंचीवर घसरत असेल तर तो खोटं धैर्य देतोय, त्यावर सराव करू नका. चकचकीत सनमायकाऐवजी मॅट, किंवा वरून पारदर्शक पॅकिंग टेप, असं बदलून बघा. रबरावर धूळ बसली तरी आकडे बदलतात, म्हणून प्रत्येक वेळी ओल्या फडक्याने पुसा.

फोमची रिंग

मोठ्या रोबोटच्या फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशनमध्ये २०२४ ला ‘क्रेसेंडो’ खेळ होता. त्याचा तुकडा म्हणजे नारिंगी फोमची रिंग, बाहेरून १४ इंच, आतून १० इंच, जाडी २ इंच, वजन सुमारे २३५ ग्रॅम. ही बनवणं मला मनापासून आवडलं, कारण उत्तर एसी दुरुस्तीवाल्याच्या दुकानात सापडलं.

एसीच्या तांब्याच्या पाइपवर काळा नायट्राइल फोम चढवतात. अर्ध्या इंची पाइपासाठी असलेला, १९ मिमी जाडीचा फोम घेतला तर बाहेरचा व्यास जवळपास ५० मिमी येतो, म्हणजे आपले दोन इंच. रिंगच्या मधल्या रेषेचा व्यास १२ इंच, म्हणून लांबी ९६ सेंटिमीटर लागते. दोन मीटरच्या नळीत दोन रिंगा होतात.

नुसती अशी रिंग हातात घेतली की फरक कळतो. ती शंभर ग्रॅमही भरत नाही. मूळ रिंगचा फोम दाट आहे, घन सेंटिमीटरला ०.१२ ग्रॅमच्या आसपास, आणि एसीचा फोम साधारण त्याच्या निम्मा. हलकी रिंग रोलरमधून जास्त वेगाने सुटते आणि मुलांना वाटतं आपला रोबोट फार छान चाललाय. यावर उपाय म्हणजे फोमच्या पोकळीत १२ मिमीची भरीव रबरी दोरी सरकवणं. तेवढ्या लांबीची दोरी १३० ग्रॅमच्या आसपास भरते आणि एकूण वजन २२० च्या जवळ जातं. बाहेरचा १९ मिमी फोम तसाच दबत राहतो. खूप जोरात चिरडणारा इनटेक असेल तर मात्र आतली दोरी रोलरला जाणवते आणि मूळ रिंगशी साम्य तिथे संपतं. इनटेकच्या सरावापुरतीच ही रिंग वापरा, मूळ तुकडा फेकायचा होता हे लक्षात असू द्या.

क्रम असा ठेवा. दोरीला टाल्कम पावडर चोळून ती आत सरकवा. फोमचं एक टोक दोरीपेक्षा चार सेंटिमीटर पुढे आणि दुसरं तेवढंच मागे ठेवा, म्हणजे दोन सांधे एकाच जागी येणार नाहीत. दोरीची टोकं झटपट चिकटणाऱ्या गोंदाने जोडा, मग फोमची टोकं रबर सोल्यूशनने, आणि वरून कापडी टेपचा एकच वेढा. दोन वेढे दिले की तिथे फुगवटा येतो आणि रोलर दर फेरीला टक् असा आवाज करतो. सांधा रात्रभर वाळू द्या. वाकवताना आतल्या बाजूला सुरकुत्या पडतात. दुपारच्या उन्हात अर्धा तास ठेवून वाकवलं तर कमी पडतात.

पोहायच्या नूडलची रिंग करू का, असं मुलं विचारतात. नूडल साधारण दोन इंचापेक्षा जाड असते आणि फारच हलकी. रोबोटची वाट आखून बघायला चालेल, पकडण्याच्या सरावाला नाही.

पाइपाचे तुकडे

त्याच मोठ्या रोबोटच्या स्पर्धेतल्या २०२५ च्या ‘रीफस्केप’ खेळात पीव्हीसी पाइपाचे जवळपास १२ इंच लांब तुकडे होते, बाहेरचा व्यास साडेचार इंच म्हणजे ११४.३ मिमी. नाशिकमध्ये पाइपाची कमी नाही. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांच्या बांधावर तुकडे पडलेले असतात, शेतकरी काका मागितले तर देतातही. पण शेतीचा पाइप मिलिमीटरच्या मापाचा, ११० मिमी बाहेरून. खऱ्यापेक्षा ४.३ मिमी कमी. प्लंबिंगच्या दुकानात “चार इंची शेड्यूल ४० यूपीव्हीसी” मागितलात तर व्यास बरोबर ११४.३ मिळतो, पण तो भरीव भिंतीचा असतो. मूळ पाइपाच्या भिंतीत मधला थर फेसाळ असल्याने तो हलका.

आमचा मार्ग असा: शेतीचा ११० चा पाइप घ्यायचा आणि त्यावर २ मिमी जाडीची शीट गुंडाळून चिकटवायची, पण ईव्हीए फोमची नाही, प्लॅस्टिकची. फोमने व्यास जमतो पण पृष्ठभाग मऊ आणि पकडीला सोपा होतो, तिथे पुन्हा पहिल्या वर्षाचीच चूक होते. कापल्यावर टोकांच्या आतल्या-बाहेरच्या कडा घासायला विसरू नका.

रंग, प्रिंट आणि ऊन

रंग ओळखणारा सेन्सर किंवा कॅमेरा असेल तरच रंगाची काटेकोर काळजी घ्या, नाहीतर कोणताही चालेल. कॅमेऱ्यासाठी मूळ तुकडा आणि आपला तुकडा शेजारी ठेवून, ट्यूबलाइटखाली आणि खिडकीच्या उजेडात, दोन्ही ठिकाणी सेन्सरचे आकडे लिहून घ्या. चकाकीमुळे पिवळा पांढरा दिसतो, असं आमच्याकडे बऱ्याचदा झालं आहे. थर्मोकोलवर स्प्रे पेंट मारू नका, त्यातलं द्रावण थर्मोकोल खातं. फेविकॉल एसआरही तेच करतं.

थ्रीडी प्रिंटर असेल तर गुंतागुंतीचे आकार, हुक, क्लिपा त्यावर काढा. साधा ठोकळा प्रिंट करण्यात तासन्‌तास जातात आणि लाकडाच्या वर काही मिळत नाही. पीएलए, म्हणजे प्रिंटरमध्ये नेहमी वापरतात ते प्लॅस्टिक, ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. एप्रिल-मे महिन्यात नाशिकच्या उन्हात बंद गाडीच्या डिकीत ठेवलेले तुकडे वाकतात, आणि वाकलेला तुकडा सहज डोळ्याला दिसत नाही, गेजला दिसतो.

कॉलेजच्या मुलांसाठी एक वेगळी सूचना. रोबोकॉन या कॉलेजच्या रोबोट स्पर्धेचे तुकडे बऱ्याचदा तयार मिळत नाहीत, नियमपुस्तिकेतल्या मापांवरून स्वतः बनवावे लागतात. २०२२ ला एबीयू रोबोकॉन, म्हणजे तिची आंतरराष्ट्रीय फेरी, दिल्लीला झाली तेव्हा खेळ आपला लगोरीचाच होता, पाच तुकड्यांचा. तिथे गेज आणि वजनकाटा शाळेच्या टीमपेक्षाही जास्त कामाला येतो.

नंबर आणि वही

प्रत्येक तुकड्यावर नंबर टाका. वहीत एक तक्ता करा: नंबर, रुंदी, लांबी, वजन, फळीवर घसरायची उंची, आणि शेवटच्या रकान्यात मूळ तुकड्यापासून काय वेगळं आहे ते. “१२ नंबर, ४ ग्रॅम जड” एवढं लिहिलेलं असलं की तो तुकडा वापरायला हरकत नाही. चालवणाऱ्या मुलीला ठाऊक असतं की हा जड आहे, आणि ती त्याचा हिशोब करते. हाच तक्ता एफटीसीच्या इंजिनिअरिंग पोर्टफोलिओत, म्हणजे परीक्षकांना द्यायच्या कामाच्या पुस्तिकेत, घाला. तुम्ही काय मोजलं आणि त्यावरून काय बदललं, हे परीक्षकांना दाखवायला याहून चांगलं पान मिळत नाही.

तुकडे झिजतात. दर दुसऱ्या रविवारी सगळे गेजमधून काढा, कडा तुटलेले बाजूला करा. पंजाची मिटण्याची जागा ठरवताना, सर्वोचे आकडे टाकताना आणि स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात मात्र फक्त मूळ तुकडे हातात घ्या. आमचे दोन मूळ तुकडे एका जुन्या कंपासपेटीत फडक्यात गुंडाळलेले असतात. पेटीची किल्ली टीममधल्या सगळ्यात लहान मुलाकडे असते आणि कोणी ते मागितले की तो आधी विचारतो, “कशाला पाहिजेत?”